भाड्याच्या घरात सिगारेट: परवानगी द्यायची का, आणि नाकारली तर ती पाळली कशी जाईल?

घर भाड्याने देताना आपल्याकडचा मालक शाकाहारी की मांसाहारी हे विचारतो, फॅमिली की बॅचलर विचारतो, नोकरी कुठे, गाव कोणतं, गाड्या किती, सगळं विचारतो. सिगारेटचा प्रश्न मात्र राहून जातो. फार तर एजंट परस्पर "काका, चांगली मुलं आहेत" म्हणून विषय मिटवतो. मग किल्ल्या परत घ्यायला गेल्यावर दार उघडताच वास येतो, कॅलेंडर काढलेल्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन दिसतो आणि बाकीची भिंत चहाच्या रंगाची झालेली असते. तिथे वाद सुरू होतो, आणि त्या वादात मालकाच्या हातात सहसा काहीच नसतं.

माझं मत आधीच सांगतो. घराच्या आत सिगारेट नको, यावर तडजोड करू नये. गॅलरीत चालेल की नाही, हे तुमची इमारत पाहून ठरवावं. पण फक्त "नो स्मोकिंग" म्हणून सोडून दिलंत, तर तो नियम तुमच्या डोक्यातच राहतो. खालचं सगळं महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर फ्लॅट देणाऱ्यांना धरून लिहिलं आहे.

कायदा काय सांगतो, आणि कुठे गप्प बसतो

तंबाखू नियंत्रणाचा केंद्राचा कायदा २००३ सालचा. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे सध्याचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले, आणि मोडणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड आहे. राहतं घर या बंदीत येत नाही. म्हणजे फ्लॅटच्या आत सिगारेट ओढणं हा गुन्हा नाही. तिथे बंदी हवी असेल तर ती करारातूनच आणावी लागते. उलट, सिगारेट ओढणाऱ्याला घर नाकारायलाही कायद्याची आडकाठी नाही. जिना, लिफ्ट, लॉबी, पार्किंग इथे चार लोकांचा वावर असतो. त्या जागांसाठी सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव करून फलक लावणं हा सरळ मार्ग.

दोन गोष्टी मात्र "तुमचं तुम्ही बघा" म्हणून सोडण्यासारख्या नाहीत. ई-सिगारेटची विक्री, आयात आणि साठवणूक २०१९ पासून देशभर बंद आहे. दुसरी गोष्ट गांजाची. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातलं कलम २५ सांगतं, की आपली जागा अशा गुन्ह्यासाठी वापरली जातेय हे माहीत असून मालकाने ती वापरू दिली, तर तोही शिक्षेला पात्र ठरतो. म्हणून गॅलरीत परवानगी द्यायची झाली तरी "धूम्रपानास परवानगी" असं मोघम लिहू नका. "सिगारेट किंवा विडी" असं नाव घेऊन लिहा.

आणखी एक, जे बहुतेक मालकांच्या ध्यानात येत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर तंबाखू, मिश्री, खर्रा असं धूर नसलेलं काही ना काही घेणारे २४.४ टक्के. सिगारेटवर मोठा परिच्छेद लिहून तंबाखू-पिचकारीवर एक ओळही न लिहिणारा मालक छोट्या दाराला कुलूप लावून मोठं दार उघडं ठेवतो. बेसिनचं तोंड, डक्टची खिडकी आणि गॅलरीच्या कोपऱ्यातले तांबडे ओघळ सिगारेटच्या डागाइतकेच चिवट असतात.

धूर जातो कुठे

"खिडकी उघडी ठेवून ओढतो, काही होत नाही." हे वाक्य ऐकायला मिळणारच, म्हणून त्याचं उत्तर आधीच माहीत असू द्या. दिसणारा धूर खिडकीतून जातो, पण त्यातलं निकोटीन आणि चिकट डांबरी अंश समोर येईल त्या पृष्ठभागावर बसतात. भिंत, छत, पंख्याची पाती, पडदे, गादी, सोफ्याचा फोम, प्लायवूडच्या कपाटाची रंग न लावलेली आतली बाजू, मच्छरजाळी. हवा दमट झाली किंवा खोली तापली, की बसलेला वास पुन्हा सुटतो. म्हणून मे महिन्यात बरं वाटलेलं घर जुलैत नको होतं.

शिवाय प्रश्न फक्त वासाचा नाही. पृष्ठभागावर बसलेल्या निकोटीनची हवेतल्या नायट्रस आम्लाशी प्रक्रिया होऊन कर्करोगकारक नायट्रोसामाइन तयार होतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. आणि घरातल्या गॅसच्या शेगडीच्या ज्वलनातून नायट्रस आम्ल हवेत येतं. फरशीवर रांगणारं, हात तोंडात घालणारं मूल पुढच्या भाडेकरूच्या घरात असेल, तर हे त्याच्याही वाट्याला येतं.

स्प्लिट एसीचं वेगळं सांगायला हवं. तो बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. एसी लावून, दारं-खिडक्या बंद करून बेडरूममध्ये कुणी महिनोन् महिने सिगारेट ओढली, तर आतल्या कॉइलवर थर बसतो. जाळीचा फिल्टर धुऊन तो जात नाही.

आणि संडासाचा डक्ट. पुण्या-मुंबईच्या बहुतेक इमारतींत एकावर एक असलेल्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. सकाळी संडासात सिगारेट ओढणाऱ्याला वाटतं कुणाला कळत नाही. वरच्या दोन मजल्यांवर दात घासणाऱ्यांना मात्र ब्रँडसुद्धा सांगता येईल. "घरात बंदी" एवढंच सांगितलेला भाडेकरू नेमका इथेच जातो. सोसायटीची तक्रार मात्र मालकाच्या नावाने येते.

पहिलं काम: इमारत बघून निर्णय घ्या

जाहिरात टाकण्याआधी एकदा रिकाम्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी जा. गॅलरीत उदबत्ती लावा, मधलं सरकतं दार बंद करा आणि पंधरा मिनिटं थांबा. धूर बाहेर जातो की ग्रिलला धडकून परत आत येतो? वरच्या गॅलरीत थेट शिरतो का? खालच्याची कपड्यांची दांडी नेमकी तुमच्या कठड्याखाली आहे का? खाली कपडे वाळत असतील, तर एका थोटकाने साडीला भोक पडतं आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय निघत नाही.

ड्राय बाल्कनी, म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली छोटी बाल्कनी, सिगारेटसाठी कधीही देऊ नका. बऱ्याच घरांत गॅस सिलिंडर तिथेच असतो, पाइपलाइनचा गॅस असला तर पाइप किंवा मीटर तिथून गेलेला असतो. एजंट "मागच्या बाल्कनीत ओढतील ना" असं सहज सुचवतो. त्याला तिथेच थांबवा.

माझ्या मते ठोकताळा असा. फर्निश्ड फ्लॅट असेल, म्हणजे गाद्या, पडदे, सोफा, एसी तुमचे, तर घरात पूर्ण बंदी. गॅलरी मोकळी आणि दाराने नीट बंद होणारी असेल तरच तिथे मुभा. रिकामा फ्लॅट आणि समोर मोकळं मैदान असेल, तर गॅलरीची परवानगी द्यायला हरकत नाही. गॅलरी खोलीत घेऊन बंद केलेली असेल किंवा वन आरके असेल, तर मधला मार्ग उरतच नाही: सिगारेट न ओढणारा भाडेकरू शोधा, किंवा खाली गेटबाहेर जाऊन ओढायची तयारी असलेला.

गॅलरीची मुभा मी का सुचवतो? कारण सरसकट बंदी घातली की लोक खोटं बोलतात. "मी ओढतो, पण गॅलरीत" असं तोंडावर सांगणारा भाडेकरू, "मी कधीच नाही" म्हणून रात्री बाथरूमचा एक्झॉस्ट चालू करणाऱ्यापेक्षा परवडला.

विचारायचं कसं

जाहिरातीतच एक ओळ टाका: "घरात सिगारेट चालणार नाही, गॅलरीत चालेल." एजंटला तोंडी नाही, मेसेज करून सांगा. त्याला एक महिन्याचं भाडं मिळालं की त्याचा संबंध संपतो. तुमचा तिथे सुरू होतो.

भेटीत "तुम्ही सिगारेट ओढता का?" असं विचारलंत तर उत्तर "नाही" येणारच, विशेषतः मुलाचे आईवडील शेजारी बसलेले असतील तर. त्यापेक्षा असं विचारा: "घरात सिगारेट चालत नाही, गॅलरीत चालते. तुमच्यापैकी किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणी ओढत असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे तशी सोय बघू." यात आरोप नाही, त्यामुळे खरं उत्तर येण्याची शक्यता वाढते. फ्लॅटमध्ये तिघे-चौघे राहणार असतील तर हे सगळ्यांसमोर बोला. करारावर सही करणारा एक आणि ओढणारा दुसराच, असं नेहमी होतं.

आणि हा प्रश्न मुलींना वेगळ्या सुरात विचारू नका. काही मालक मुलांच्या बाबतीत "चालायचंच" म्हणतात आणि मुलीच्या हातात सिगारेट दिसली की तिच्या घरी फोन लावतात. नियम भिंतीसाठी आहे. भाडेकरूच्या संस्कारांचा ठेका आपण घेतलेला नाही.

करारात काय लिहायचं

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण आपल्या विषयासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याच कलमात आहे: नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिलं याबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. थोडक्यात, "मी तोंडी सांगितलं होतं" याला किंमत शून्य.

ऑनलाइन नोंदणी करून देणारे एजंट ठरलेला मसुदा पुढे सरकवतात. त्यात भाडं, डिपॉझिट, लॉक-इन असतं, सिगारेट नसते. जादा अटींमध्ये मजकूर घालून घ्या, आणि बायोमेट्रिकला अंगठा लावण्याआधी मसुद्याची पीडीएफ मागवून तो मजकूर खरंच आलाय का ते वाचा. नमुना असा (यात लायसन्सी म्हणजे भाडेकरू, लायसन्सर म्हणजे मालक):

"लायसन्सी, त्यांचे कुटुंबीय, सहनिवासी व पाहुणे सदर सदनिकेच्या आत, म्हणजे हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, संडास, बाथरूम व ड्राय बाल्कनी येथे सिगारेट, विडी, सिगार, हुक्का वा ई-सिगारेट ओढणार नाहीत. हॉलच्या गॅलरीत मधले दार बंद ठेवून सिगारेट किंवा विडी ओढण्यास मुभा राहील. राख व थोटके झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकावीत. कठड्यावरून खाली टाकू नयेत. तंबाखू, गुटखा वा पान खाऊन सदनिकेत, डक्टमध्ये किंवा सोसायटीच्या सामाईक जागेत थुंकू नये. या अटीच्या भंगामुळे रंगकाम, सफाई, एसी सर्व्हिसिंग वा सामानाची दुरुस्ती करावी लागल्यास त्याचा प्रत्यक्ष व वाजवी खर्च बिले दाखवून डिपॉझिटमधून वजा करण्यात येईल. लेखी सूचना दिल्यानंतरही भंग सुरू राहिल्यास लायसन्सर ३० दिवसांच्या नोटिशीने करार संपुष्टात आणू शकेल."

गॅलरीही द्यायची नसेल तर दुसरं, तिसरं आणि चौथं वाक्य काढून गॅलरीचं नाव पहिल्या यादीत घाला. "पाहुणे" हा शब्द काढू नका, कारण "माझा मित्र आला होता" हीच पुढची सबब असते.

"दर सिगारेटला ५,००० रुपये दंड" असली वाक्यं लिहू नयेत. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात कितीही रक्कम लिहिली, तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि तीही लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत. भीती दाखवायला लिहिलेला आकडा वादाच्या वेळी तुमचीच बाजू हास्यास्पद करतो.

किल्ल्या देण्याच्या दिवशी

हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि पुढची सगळी भांडणं इथेच टळतात. दिवसाउजेडी प्रत्येक खोलीच्या चारही भिंती आणि छताचे फोटो काढा. देवघराच्या वरची काळी झाक, स्वयंपाकघरातला तेलकट पिवळा पट्टा, आधीच्या भाडेकरूने डासांची कॉइल ठेवलेला कोपरा, हे मुद्दाम जवळून टिपा. ही काजळी सिगारेटची नाही, आणि तिचं बिल कुणाच्या माथी मारायचं नाही. हीच नोंद भाडेकरूने केली तर तोही सुरक्षित राहतो.

एसीचं झाकण उघडून कॉइलचा फोटो, पंख्याच्या पात्यांचा वरच्या बाजूचा फोटो, गाद्यांच्या दोन्ही बाजू. रंग कधी दिला, कोणता दिला, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या. फोटो त्याच दिवशी भाडेकरूला पाठवा आणि "मिळाले, बरोबर आहेत" एवढं उत्तर मागा.

गॅलरीची परवानगी दिली असेल, तर झाकणाचा स्टीलचा डबा तळाशी वाळू घालून तुम्हीच ठेवा. फार खर्चाचं नाही ते, आणि कुंडीत थोटकं खोचली जात नाहीत. कोरड्या कोकोपिटच्या कुंडीत विझवलेलं थोटूक नंतर धुमसू शकतं, हे गॅलरीत बाग करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मध्येच कळलं तर

अचानक जाऊन दार वाजवू नका. करारात "एक दिवस आधी कळवून पाहणी" असं लिहून ठेवा आणि तसंच करा. एसी सर्व्हिसिंग किंवा नळदुरुस्ती हे चांगलं निमित्त असतं. तक्रार शेजाऱ्याकडून आली असेल तर आधी खात्री करा. खालच्या मजल्यावरच्या माणसाची सिगारेट वरच्या बॅचलरांच्या नावावर खपवणं सोसायट्यांमध्ये नवीन नाही.

खात्री झाली की पहिल्यांदा फोन, साध्या भाषेत. त्याच दिवशी मेसेज: "आज बोललो त्याप्रमाणे, करारातल्या अमुक अटीनुसार आत सिगारेट नको." दुसऱ्यांदा ईमेल किंवा रजिस्टर्ड पत्र. तिसऱ्यांदा करार संपवण्याची नोटीस.

आता खरं सांगायचं तर, मुदतीच्या आत भाडेकरू निघायला तयार नसेल, तर केवळ सिगारेटसाठी कोर्टाची पायरी चढणं सहसा परवडत नाही. तुमचं खरं हत्यार म्हणजे अकरा महिन्यांचा करार. मुदत संपली की नूतनीकरण करायचं नाही. त्यानंतरही तो राहिला, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी भाड्याच्या दुपटीने नुकसानभरपाई मागता येते. म्हणून सिगारेटची शंका असेल तिथे पाच वर्षांचा करार करू नका. आणि राग आला म्हणून पाणी-वीज तोडण्याचा विचार मनात आणू नका. तो गुन्हा तुमच्या नावावर लागेल.

डिपॉझिटचा हिशेब

इथे मालक सर्वात जास्त वेळा चुकीचं वागतात, म्हणून आकडे घेऊन बघू. समजा रंगाला २०,००० खर्च आला, डाग झाकायला वेगळा प्रायमर आणि भिंती धुणं ६,०००, एसीची जेट सर्व्हिस १,५००. रंग चार वर्षं टिकतो असं धरलं. भाडेकरू आला तेव्हा रंगाला एक वर्ष झालं होतं, तो दोन वर्षं राहिला. म्हणजे रंगाचं एकच वर्ष शिल्लक होतं. त्याचा वाटा २०,००० चा चौथा हिस्सा, ५,०००. प्रायमर, धुलाई आणि एसीचा खर्च मात्र धुरामुळेच आला, तो पूर्ण ७,५००. एकूण १२,५००. आख्खे २७,५०० कापणं म्हणजे जुन्या रंगाच्या बदल्यात नवा रंग फुकटात मिळवणं आहे. रंगकामाचे ठरावीक पैसे करारात आधीच कापायचे ठरले असतील, तर ५,००० पुन्हा धरायचे नाहीत.

बिलं, आधीचे-नंतरचे फोटो आणि हा हिशेब एकत्र पाठवा, आणि उरलेली रक्कम त्याच दिवशी परत करा. बहुतेक भाडेकरू इतका स्वच्छ कागद पाहिला की वाद घालत नाहीत.

वास घालवायचा तर

रंगाऱ्याला नुसतं "दोन हात मारून घे" म्हणालात, तर पैसे पाण्यात. डिस्टेंपर आणि इमल्शन पाण्यावरचे रंग; निकोटीनचे पिवळे डाग त्यातून काही दिवसांत पुन्हा वर येतात. क्रम असा ठेवा.

आधी पडदे, जाळ्या, गाद्या बाहेर काढा. गादीला वास असेल तर ऊन दाखवून बघा, पण फोमची गादी सहसा वाचत नाही. मग भिंती वरून नव्हे, खालून वर धुवा, म्हणजे पिवळ्या पाण्याचे ओघळ कोरड्या भिंतीत शोषले जात नाहीत. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, हातात रबरी मोजे, पाणी वारंवार बदला. भिंतीला साधा डिस्टेंपर असेल तर तो धुताना निघून येईल. त्याला आधी खरवडून काढणंच बरं. छत विसरू नका, धूर सर्वात जास्त तिथेच बसतो. भिंत पूर्ण वाळल्यावर ऑइल प्रायमर, म्हणजे थिनरवाला, एक हात सगळीकडे. तो डाग आणि वास दोन्ही आत कोंडतो. वरून नेहमीचा रंग.

कपाटांच्या आतल्या कच्च्या प्लायला वास धरलेला असतो; तिथे पॉलिशचा किंवा प्रायमरचा हात द्या. एसीची कॉइल आणि आतला पंखा, दोन्ही धुऊन घ्या. उदबत्ती, कापूर, रूम फ्रेशनर यांनी वास झाकला जातो, तोही घर दाखवायच्या दिवसापुरता.

पावसाळ्यात हे काम काढू नका, प्रायमर वाळत नाही. आणि नव्या भाडेकरूच्या घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं मूल असेल, तर आधीचे लोक सिगारेट ओढायचे आणि काय-काय साफ केलं, हे टोकन घेण्याआधीच सांगून टाका.